पाण्यालाही बसायला पाट द्या

पावसाळ्यात आमच्या सांगलीत कुणी भेटलं की 'काय, बरं आहे ना?' असं विचारत नाही. 'आयर्विन किती?' असं विचारतं. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल. त्याच्यापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. दूधवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना रोजचा आकडा तोंडपाठ असतो.

२०२४ च्या जुलैत मी मात्र साता समुद्रापार होते. लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात, लीड्स नावाच्या शहरात. नातीला मांडीवर घेऊन तेल लावायचे आणि कानाला फोन. "अहो, आयर्विन किती?" इकडून हे सांगायचे, "अडतीस." दुसऱ्या दिवशी, "चाळीसला टेकलंय. तू काळजी करू नकोस, सामान माळ्यावर टाकलंय." काळजी करू नकोस म्हणे! गावभागात घर असलेल्या बाईला हे सांगून कसं चालेल?

२००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा वाटलं, आयुष्यात एकदाच बघायचं ते बघून झालं. मग २०१९ आलं. ऑगस्ट महिना, ५७ फूट. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पाणी होतं. आठ दिवसांनी दार उघडलं तर फ्रीज आडवा, गव्हाचा डबा फुगून फुटलेला आणि भिंतीवर चिखलाची रेघ. सासूबाईंच्या हातची लोणच्यांची वही होती, तिचा लगदा झाला होता. बाकी सगळं पुन्हा आणता आलं. वही नाही आली. त्यातून सावरतोय तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या वर.

त्यानंतर घरात एकच विषय. वर एक मजला चढवायचा. पण पैसा कुठून आणायचा? त्याचं उत्तर धाकट्या भावोजींनी काढलं होतं.

गावाबाहेर ओढ्याकाठी आमचं सामाईक रान आहे, तीस गुंठे. रस्त्याच्या बाजूला थोडं उंच, बाकी सगळं खोलगट. ओढा फुगला की पाणी आधी त्या खोलगटात येऊन बसतं, दोन-तीन दिवस राहतं आणि निघून जातं. त्यामुळं तिथं गवताशिवाय फारसं काही येत नाही. भावोजी म्हणाले, "वहिनी, नुसतं पडून आहे. मुरूम टाकून भराव करून घेऊ, एनए करू, प्लॉट पाडू. तुमचा मजला पण होतोय आणि माझं कर्ज पण फिटतंय." त्यात खोटं काय होतं? माझ्या मनातही सहीचं पक्कं झालं होतं. "लेकीकडून येते आणि करते सही," असं सांगून मी विमानात बसले होते.

आणि मग लेकीनं मला एक ओढा दाखवला.

ती सिव्हिल इंजिनीअर. बाळंतपणाच्या रजेवर होती. ऑगस्टच्या शेवटी बाळ दोन महिन्यांचं झालं, तशी म्हणाली, "आई, तू दिवसभर पुराचंच बोलत असतेस. चल, तुला असं गाव दाखवते, ज्यानं पुरावर भिंत न बांधता उपाय केलाय." मी म्हटलं, "बाळाला घेऊन पूर बघायला जायचं?" जावई हसले. "आई, पूर नाही, तिथं वाफेच्या इंजिनाची गाडी आहे. ती बघायला तरी चला." गाडी बघायला मी तयार झाले.

गावाचं नाव पिकरिंग. यॉर्कशायर परगण्यातलं हे बाजाराचं गाव, वस्ती सातेक हजार. गावामागे 'मूर' म्हणजे उंचावरचं उघडं माळरान. आपल्या कास पठारावर कसा फुलांचा रंग चढतो, तसं ते माळरान ऑगस्टमध्ये जांभळं होतं. हेदर नावाच्या झुडपाला फुलं येतात, त्यांचा तो रंग. त्या माळावरून एक ओढा खोल दरीतून खाली येतो आणि गावाच्या मधून जातो. पिकरिंग बेक. यॉर्कशायरच्या बोलीत बेक म्हणजे ओढाच. अगदी रेल्वे स्टेशनाजवळून वाहतो. मी बघायला गेले तेव्हा पाणी घोट्याएवढं आणि त्यात बदकं पोहत होती. मनात म्हटलं, हा कसला पूर आणणार?

तर या ओढ्यानं १९९९, २०००, २००२ आणि २००७ असा नऊ वर्षांत चार वेळा गावात शिरून धुमाकूळ घातला होता. २००७ च्या जूनमधल्या पुरात सुमारे ७० लाख पौंडांचं नुकसान झालं. आम्ही चहाला बसलो त्या दुकानातल्या आजीबाईंना लेकीनं सांगितलं, आई नदीकाठच्या गावची आहे, तिच्याही घरात पाणी आलेलं. आजीबाईंनी काही न बोलता हात गुडघ्याच्या वर नेऊन दाखवला. एवढं. मी माझा हात गळ्यापाशी नेला. त्यांनी डोळे मोठे केले आणि माझ्यापुढे आणखी एक केक सरकवला. पुराची भाषा सगळीकडे हातानंच बोलतात, हे मला तेव्हा कळलं. आणि भिजलेल्या सतरंज्यांचा तो वास! त्या नाकाला हात लावून काही सांगत होत्या, ते लेकीनं भाषांतर करायच्या आधीच मला समजलं होतं.

गावानं सरकारकडे काय मागितलं असेल? आपण मागतो तेच. भिंत. हिशोब झाला. सुमारे दोन कोटी पौंड. एवढ्याशा गावासाठी एवढा खर्च नियमात बसेना. शिवाय गावाच्या मधोमध उंच भिंती उभ्या राहिल्या तर गावाचं रूपच गेलं. म्हणजे भिंत नाही आणि पूर तर दर तीन-चार वर्षांनी दारात. मग लोकांनी काय करायचं?

तेव्हा काही गावकरी, विद्यापीठातली अभ्यासू मंडळी, वनखातं, पर्यावरण खातं, राष्ट्रीय उद्यानवाले आणि वरच्या अंगाचे शेतकरी एकत्र बसले. त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला. पाणी गावात आल्यावर त्याला कसं अडवायचं, हे नंतर बघू. ते इतक्या घाईनं गावात येतंच का? २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या कामाला त्यांनी नावच दिलं, प्रवाह मंद करणं.

लेकीनं मला जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. घरात पन्नास पाहुणे येणार आहेत. ते दिवसभरात पाच-पाच करून आले तर चहा, पोहे, बसायला जागा, सगळं निभतं. तेच पन्नास जण एकाच वेळी दारात उभे राहिले तर? पाहुणे तेवढेच, पण घराची दाणादाण. पुराचंही असंच आहे. डोंगरावर पडलेलं पाणी कधीतरी खाली येणारच, ते कमी करता येत नाही. पण सगळं एकाच घटकेला गावाच्या पुलाखाली पोचलं, की ओढ्याचं पात्र पुरत नाही. काही पाण्याला वाटेत जरा बसवून ठेवलं, बसायला पाट दिला, तर तेच पाणी दोन-चार तास उशिरा, शिस्तीत येतं. पुराचं डोकं, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, तेवढं खाली बसतं. आणि घरात पाणी शिरणार की उंबऱ्यावरून मागं जाणार, हे बऱ्याचदा त्या वरच्या दोन वितींवरच तर ठरतं.

मग त्यांनी पाट कुठं कुठं मांडले?

सगळ्यात वर, माळावर. तिथं पूर्वी पाणी निघून जावं म्हणून चर खणलेले. त्या चरांत आणि घळींत हेदरच्याच पेंढ्या बांधून आडव्या दाबून बसवल्या. अशा १८७ पेंढ्यांचे बांध. आपल्याकडे कडब्याच्या पेंढ्या असतात ना, तशा. पाणी त्यातून झिरपतं, पण पळत नाही.

त्याखाली जंगल. तिथल्या लहान लहान ओहोळांवर त्यांनी झाडांचे ओंडके आडवे टाकले. पिकरिंगचा ओढा आणि शेजारचा सेव्हन नावाचा दुसरा ओढा, या दोन्ही खोऱ्यांत मिळून १६७. यातला एक मी जवळून बघितला. जावयांनी बाळाला छातीशी बांधलं आणि आम्ही चिखलातून अर्धा तास चालत गेलो. बघितल्यावर मला हसूच आलं. चार-पाच ओंडके एकमेकांवर रचलेले, त्यांच्यात फटी, खालून पाणी आरामात चाललेलं. मी म्हटलं, "अगं, हे तर गळतंय! आपल्याकडच्या वनराई बंधाऱ्यालाही यापेक्षा कमी भोकं असतात." लेक म्हणाली, "आई, तेच तर. वनराई बंधारा पाणी साठवायला असतो. हा साठवायला नाहीच. रोजचं पाणी आणि मासे खालून जाऊ द्यायचे. पूर आला की पाणी वर चढतं, ओंडक्यांना अडतं आणि दोन्ही बाजूंना जंगलात पसरतं. पाऊस ओसरला की आपोआप खाली येतं. दार उघडायला माणूस नको, वीज नको."

तिसरं, झाडं. ओढ्यांच्या काठांनी आणि उतारांवर सुमारे ४० हजार झाडं लावली. झाडाचा पुराशी काय संबंध, असं वाटेल. पण गुरांच्या खुरांनी आणि ट्रॅक्टरनं दाबलेली जमीन ही शेणानं सारवलेल्या अंगणासारखी असते, पाणी वरून घसरून जातं. मुळांनी पोखरलेली जमीन चाळणीसारखी असते, पाणी आत जातं. शिवाय काठावरची खोडं, झुडपं, पालापाचोळा यांत पाणी अडखळत चालतं. लग्नाच्या मांडवात गर्दीतून वाट काढत जातो ना आपण, तसं.

आणि चौथं, मोठं काम. गावाच्या वरच्या बाजूला न्यूटनडेल नावाच्या दरीत मातीचा एक बांध घातला. २०१५ मध्ये तो पुरा झाला. ओढा एरवी त्यातून सरळ वाहतो. पूर आला की बांधाच्या मोरीतून मावेल तेवढंच पाणी पुढं जातं, बाकीचं मागच्या कुरणात पसरून थांबतं. १ लाख २० हजार घनमीटर पाणी तिथं थांबू शकतं. पूर नसतो तेव्हा ते कुरणच.

हे सगळं मिळून भिंतीच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी पैशात झालं. हिशोब असा मांडला होता, की गावात पूर यायची शक्यता दर वर्षी शंभरात २५ होती, ती शंभरात ४ किंवा त्याहूनही कमी होईल. म्हणजे चार वर्षांतून एकदा येणारा पाहुणा आता पंचवीस वर्षांतून एकदा.

परीक्षेची वेळ लवकरच आली. २०१५ चा नाताळ. २६ डिसेंबरला उत्तर इंग्लंडात पावसानं कहर केला. यॉर्क शहर बुडालं, लीड्समध्ये पाणी शिरलं. माझी लेक आज राहते त्या शहरात दुकानांत पाणी होतं. पिकरिंग मात्र बचावलं. नंतर अभ्यास करणाऱ्यांनी गणित मांडलं. त्या दिवशी पुराचा सगळ्यात मोठा लोंढा १५ ते २० टक्क्यांनी कमी झाला होता. त्यातला साधारण निम्मा वाटा त्या मातीच्या बांधाचा आणि निम्मा ओंडके, पेंढ्या, झाडं यांचा.

खोटं कौतुक मला जमत नाही, म्हणून हेही सांगते. त्या दिवशी पिकरिंगवर पश्चिमेकडच्या डोंगरांइतका पाऊस पडला नव्हता. तिथल्या अभ्यासकांनी स्वतःच म्हटलंय, की फार मोठा पूर आला तर गावाला तो येणारच. आणि आणखी एक. हे ओंडके वाटेल तिथं टाकायचे नसतात. दोन ओढे पुढे एकत्र येत असतील आणि एकाचं पाणी उशीर करून नेमकं दुसऱ्याच्या लोंढ्याच्या वेळी पोचलं, तर उलट घोटाळा. दोन लग्नांची वरात एकाच बोळात आल्यासारखं! म्हणून आधी सगळ्या खोऱ्याचं मोजमाप करून मग जागा ठरवायच्या.

परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प होते. लेकीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "हे सगळं ठीक आहे गं. पण आमच्या कृष्णामाईपुढं हे ओंडके काय करणार?"

तिनं स्पष्टच सांगितलं. काही नाही करणार. या ओढ्याचं सगळं खोरं सत्तर चौरस किलोमीटरच्या आसपास. त्या माळावर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या महाबळेश्वरला पाच-सहा हजार. एकट्या कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. पिकरिंगच्या बांधामागं थांबणारं पाणी एका टीएमसीचा दोनशेवा भागसुद्धा नाही. २०१९ सारखा पूर आला, की धरणांतून किती पाणी केव्हा सोडायचं, धोक्याचा निरोप वेळेवर मिळतो का, नदीच्या पात्रात किती बांधकामं झालीत, हे प्रश्न मोठे. ते मोठ्यांनीच सोडवायचे आणि आपण त्यांना विचारत राहायचं.

"पण आई," ती म्हणाली, "सांगलीत दर वर्षी घरात पाणी शिरतं ते काय फक्त कृष्णेचं असतं? कृष्णा वीस-पंचवीस फुटांवर असताना रात्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो आणि वस्त्यांमध्ये कमरेएवढं पाणी होतं. ते कुठलं?"

ते ओढ्यांचं आणि नाल्यांचं. आणि ते ऐकताना मला आमच्या मावशी आठवल्या.

मावशी म्हणजे आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या. गेली चौदा वर्षं येतात. आमच्या त्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, पत्र्याच्या तीस-चाळीस घरांची गल्ली आहे, तिथं राहतात. त्यांच्याकडे पूर्वी पाणी येत नसे. सहा-सात वर्षांपूर्वी ओढ्याच्या पलीकडच्या काठाचं शेत कुणीतरी भरून घेतलं, प्लॉट पडले, कंपाउंड झालं. तेव्हापासून मोठा पाऊस झाला की मावशी पहाटे उशिरा येतात, डोळे तारवटलेले. "रात्री खाटेवर बसून काढली, ताई." आणि एकदा, मुरूम टाकायचं आमच्या घरात बोलणं चाललेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. पोळी लाटता लाटता म्हणाल्या होत्या, "आता तुमचं रान तेवढं ऱ्हायलंय, ताई." मला वाटलं, विकायचं राहिलंय असं म्हणतायत. मी "हो ना," म्हणून मोकळी झाले.

पिकरिंगहून येताना मला त्या वाक्याचा अर्थ कळला. इंग्लंडातल्या लोकांनी पैसा खर्चून, इंजिनीअर लावून दरीत एक कुरण तयार केलं, कशासाठी, तर पाणी थांबायला. आणि तसंच एक कुरण देवानं आम्हाला फुकट दिलं होतं. ते आम्ही पैसे खर्चून बुजवायला निघालो होतो.

त्या रात्री बाळ झोपल्यावर मी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागं हिशोब केला. मैत्रिणींनो, तुम्हीही करून बघा, पाचवीचं गणित आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. खोलगट भाग बावीस गुंठे, म्हणजे जवळजवळ २४ हजार चौरस फूट. त्यात तीन फूट पाणी उभं राहिलं तर ७२ हजार घनफूट. एका घनफुटात २८ लिटर धरले तर २० लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? तसे दोनशे टँकर! आमच्या रानात भराव पडला तर हे दोनशे टँकर कुठं जाणार? हवेत तर जाणार नाहीत. मावशींच्या गल्लीत जाणार.

लिहिलेला आकडा पुन्हा पुन्हा बघितला. झोप नाही लागली.

ऑक्टोबरात परत आले. दिवाळीच्या पाडव्याला सगळे जमलेले असताना भावोजींनी कागद पुढं केले. मी म्हटलं, "भावोजी, माझ्यानं सही होणार नाही." घरात शांतता. मी पिकरिंगचं सांगितलं, फोनमधले फोटो दाखवले, टँकरचा हिशोब सांगितला. भावोजी तसे शांत माणूस, पण त्या दिवशी चिडले. "वहिनी, सगळ्या गावानं भराव टाकायचा आणि आपण एकट्यानं पाणी धरत बसायचं? आपल्या घरात पाणी आलं तेव्हा कुणी धरलं होतं?" जाऊबाई फराळाची ताटं घेऊन आत निघून गेल्या.

त्यांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. हाच तर खरा प्रश्न आहे. ज्याच्या रानात पाणी थांबतं, त्याचं नुकसान होतं. फायदा खालच्यांचा होतो. पिकरिंगला वरच्या शेतकऱ्यांशी बोलणी झाली, अभ्यास झाला, सरकारी पैसा आला, म्हणून काम उभं राहिलं. आमच्यासारख्या एकट्यादुकट्या घरानं पदरमोड करून किती दिवस निभवायचं? याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. आजही पुरतं नाही.

दोन महिने घरात बोलणं तुटक. शेवटी ह्यांनीच मधला मार्ग काढला. रस्त्याकडेचे आठ गुंठे उंच आहेत, तिथं पाणी कधी येत नाही. तेवढे विकायचे. भावोजींचं कर्ज बहुतेक फिटलं. आमचा मजला मात्र निम्माच झाला, एक खोली आणि वर पत्रा. पुराचं सामान ठेवण्यापुरती जागा झाली, एवढंच. बावीस गुंठे खोलगट तसंच ठेवलं. गवत गवळ्याला खंडानं दिलंय. ओढ्याच्या काठानं मी आणि मावशींच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून करंज, जांभूळ, उंबर लावले, थोडा बांबू, आणि माती धरून ठेवायला वाळा. वाळा लावायची कल्पना त्या बायकांचीच. तेवढाच माठात टाकायलाही होतो!

मैत्रिणींनो, आपल्याला हे सगळं काही नवीन नाही. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपण लहानपणापासून भिंतींवर वाचत आलोय. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडं, हे दुष्काळी भागातल्या आपल्याच बायकांनी घाम गाळून केलंय. फक्त ते दुष्काळासाठी करायचं आणि पुरासाठी भिंत मागायची, अशी आपण मनात वाटणी करून ठेवलीय. डोंगरावर थांबलेलं पाणी दुष्काळातही कामाला येतं आणि पावसाळ्यात खालच्याच्या घरातही शिरत नाही. एकाच कामाची ही दोन फळं.

मग आपल्यासारखीनं काय करायचं? आपल्या गावचा ओढा कुठून येतो, हे एकदा चालत जाऊन बघायचं. जुन्या बायकांना विचारायचं, पूर्वी पाणी कुठं थांबायचं. त्या जागी आज काय आहे, ते बघायचं. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागवतात, तेव्हा नदीची निळी रेषा, लाल रेषा नकाशात कुठून जाते ते बघून लेखी हरकत द्यायची. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं हळदीकुंकवाच्या गप्पांऐवजी एकदा ओढ्याचा विषय काढायचा. आणि अंगणात सगळीकडे फरशी घालायच्या आधी थोडी माती उघडी ठेवायची. आपल्या हातात एवढं नक्की आहे.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. एका रात्री असा काही कोसळला, की मी उठून बसले. कृष्णेची भीती नव्हती, पण ओढा आठवत होता. सकाळी ह्यांच्याबरोबर स्कूटरवरून रानाकडे गेले. बावीस गुंठ्यांचं तळं झालं होतं. गवताची फक्त टोकं दिसत होती, कडेला बगळे येऊन बसलेले. नव्या लावलेल्या रोपांतली पाच-सहा वाहून गेली होती. एरवी मी हळहळले असते. त्या दिवशी ते तळं बघून मला पोटभर जेवलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं वाटलं.

घरी आले तर मावशी वेळेवर आल्या होत्या, कणीक भिजवत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पायरीवरनं परत गेलं, ताई."

आमच्या रानामुळंच गेलं, असं मी म्हणणार नाही. पाऊस थोडा कमी झाला असेल, ओढ्यातला कचरा आधी काढला होता तेही असेल. पण संध्याकाळी भावोजींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग जरा थांबून विचारलं, "वहिनी, रानात किती पाणी हाय?"

आयर्विनचा आकडा विचारतात ना, अगदी तसं. मी सांगितलं, "तीन फूट. बसलंय निवांत."